भुईमुगाचा टिक्का: लवकरचा का उशिराचा?

भुईमुगाच्या पानावर ठिपके दिसले की सगळे म्हणतात टिक्का आला, पण टिक्के दोन आहेत अन् दोघांच्या बुरशाही वेगळ्या. लवकरचा टिक्का सर्कोस्पोरा अराकिडिकोला या बुरशीने होतो, पेरणीनंतर महिन्याभरात दिसायला लागतो, ठिपका वरून लालसर तपकिरी, वेडावाकडा गोल अन् भोवती पिवळं कडं ठळक. उशिराचा सहसा दीड-दोन महिन्यांनी येतो, ठिपका लहान, जास्त गोल, काळाकुट्ट, कडं असलं तरी फिकं.

पण नुसत्या कड्यावर जाऊ नका, जातीनुसार अन् हवेनुसार ते बदलतं, म्हणून पान उलटून बघाच. लवकरच्यात बीजाणू, म्हणजे बुरशी पसरवणारे बारीक कण, जास्त करून वरच्या बाजूला असतात अन् खालून ठिपका फिकट तपकिरी दिसतो, उशिराच्यात बीजाणू खाली, तिथे ठिपका काळा अन् हाताला खरखरीत लागतो.

मला जास्त धास्ती उशिराच्याची वाटते, कारण तो ऐन शेंगा भरताना पानगळ करतो, मग दाणा पोसणार कसा? मॅन्कोझेबसारखं बुरशीनाशक दोन्हीवर चालतं, फक्त पहिले ठिपके दिसताच मारा. दोन्ही बुरशा पिकाच्या अवशेषांवर टिकतात, तेव्हा जुना पाला शेतात ठेवू नका अन् भुईमुगावर लगेच भुईमूग तर अजिबात नको.