फ्रेलिमो की एसपीएलए : लघुप्रबंधासाठी कोणती चळवळ घ्यावी?

आफ्रिकेतल्या बंडखोर चळवळीची सुरुवात आणि तिच्यातली पहिली गटबाजी असा विषय घ्यायचा असेल, तर पोर्तुगीज राजवटीविरुद्ध लढलेली मोझांबिकची फ्रेलिमो (मोझांबिक मुक्ती आघाडी) आणि सुदान सरकारविरुद्ध लढलेली दक्षिण सुदानची एसपीएलए (सुदान जनमुक्ती सेना) या दोन्हींत भरपूर ऐवज आहे. पण एका प्रबंधात दोन्ही कोंबू नयेत. भांडणाचं मूळ दोन्हीकडे वेगळं आहे, आणि ते तपासायची रीतही वेगळी.

फ्रेलिमो २५ जून १९६२ रोजी दारेसलाममध्ये तीन संघटनांच्या विलीनीकरणातून जन्मली. उदेनामो ऱ्होडेशियातल्या (आजचं झिंबाब्वे) बुलावायोत स्थापन झालेली, मानू टांगानिका (आजचा टांझानिया)-केनियातल्या माकोंडे जमातीच्या कामगारांची, आणि उनामी न्यासालँडमधल्या (आजचं मलावी) मोझांबिकी स्थलांतरितांची. म्हणजे तीन वेगवेगळ्या देशांत वाढलेले तीन गट, प्रत्येकाचे आपले पुढारी. सप्टेंबरच्या पहिल्या अधिवेशनात अध्यक्षपद गेलं ते यांपैकी कुणाकडेच नव्हे, तर अमेरिकेत शिकवणाऱ्या एदुआर्दो मोन्दलाने यांच्याकडे. पदं हुकलेले लवकरच बाहेर पडले, आणि १९६५ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी लुसाकात कोरेमो ही वेगळी संघटना काढली. सशस्त्र लढा सुरू झाला २५ सप्टेंबर १९६४ ला. फ्रेलिमोत आधी संघटना आणि मग बंदूक हा क्रम लक्षात ठेवायचा.

एसपीएलएचा क्रम उलटा. १६ मे १९८३ रोजी दक्षिण सुदानमधल्या बोर इथे सुदानी लष्कराच्या १०५व्या बटालियनने बंड केलं. पगाराचा वाद होता आणि उत्तरेत बदली घ्यायला सैनिकांचा नकार होता. केरुबिनो क्वानयिन आपले सैनिक घेऊन इथिओपियाकडे निघाला, पुढे आयोदची १०४वी बटालियन विल्यम न्युओनच्या मागोमाग गेली. लष्करात कर्नल असलेले जॉन गरांगही तिथेच पोहोचले. पण सरहद्दीवर आन्यान्या-२ या दक्षिणेतल्याच दुसऱ्या गटाचे बंडखोर आधीपासून होते, आणि आकुओत आतेम, सॅम्युएल गाय तुत यांच्यासारखे जुने, वडीलधारे नेतेही. त्यांचं म्हणणं, नेतृत्व आमचं आणि ध्येय दक्षिणेचं वेगळं राज्य. गरांग यांच्या जुलै १९८३च्या जाहीरनाम्यात मात्र अखंड, समाजवादी सुदान होता. इरिट्रियातल्या फुटीरांशी लढणाऱ्या इथिओपियाच्या सत्ताधीश मेंगिस्तूंना दुसरी फुटीर चळवळ पोसणं परवडणारं नव्हतं. शस्त्रं आणि तळ त्यांच्याच हाती असल्यामुळे निकाल गरांग यांच्या बाजूने लागला. गाय तुत १९८४ मध्ये मारले गेले. आन्यान्या-२चं नेतृत्व विल्यम अब्दल्ला चुओलकडे गेलं आणि त्याने शस्त्रांसाठी थेट खार्टूमच्या सुदान सरकारशी हातमिळवणी केली. इथिओपियातल्या प्रशिक्षण तळांकडे पायी निघालेल्या एसपीएलएच्या नव्या भरतीवर त्याच्या लोकांनी वाटेत हल्ले केले.

या भांडणाला सरसकट ‘दिंका विरुद्ध नुएर’ असं दोन जमातींचं वैर म्हणणं ही एसपीएलएवर लिहिणाऱ्यांची ठरलेली चूक. आकुओत आतेम स्वतः दिंका होते, गरांग यांच्याच त्विच शाखेतले. जमातीचा रंग नंतर चढला, आणि तो कसा चढला हाच खरा संशोधनाचा प्रश्न आहे.

फ्रेलिमोवर लिहिताना चूक वेगळी होते. जिंकलेल्या गटाने मागाहून मांडलेली ‘दोन मार्गांची लढाई’, म्हणजे क्रांतिकारक विरुद्ध प्रतिगामी, तशीच्या तशी उचलली जाते. १९६८-६९ची साखळी पाहा. मार्चमध्ये दारेसलामच्या शाळेत विद्यार्थ्यांचा उठाव, त्यामागे मातेउस ग्वेन्जेरे हे पाद्री. मे महिन्यात फ्रेलिमोच्या कार्यालयावर हल्ला. जुलैत दुसरं अधिवेशन मोझांबिकच्या उत्तरेतल्या नियासात, म्हणजे फ्रेलिमोच्या ताब्यातल्या मुक्त प्रदेशात. उत्तरेतल्याच काबो देल्गादो प्रांताचे फ्रेलिमो प्रमुख लाझारो न्काव्हान्दामे यांचा त्या जागेलाच विरोध. ३ फेब्रुवारी १९६९ ला पार्सल-बॉम्बने मोन्दलाने यांचा बळी घेतला आणि मार्चमध्ये न्काव्हान्दामे पोर्तुगीजांना जाऊन मिळाले. उपाध्यक्ष उरिया सिमांगो यांना एकट्याला अध्यक्षपद न देता लष्करी प्रमुख सामोरा माशेल आणि मार्सेलिनो दुश सांतुश यांच्यासह त्रिकूट नेमलं गेलं. नोव्हेंबरात सिमांगो यांनी जाहीर पत्रक काढून दक्षिणेकडच्या नेत्यांवर आरोप केले, त्यांना दूर सारलं गेलं, आणि मे १९७० मध्ये माशेल अध्यक्ष झाले. यात विचारसरणी आहेच. पण मुक्त प्रदेशातला व्यापार कोणाच्या ताब्यात, लढणारे उत्तरेचे असताना पुढारी दक्षिणेचे का, हे प्रश्नही तितकेच खरे आहेत. सिमांगो यांना स्वातंत्र्यानंतर न्यायालयीन खटल्याशिवाय ठार केलं गेलं. त्यामुळे त्यांची बाजू त्यांच्याच पत्रकातून वाचणं हे संशोधकाचं कर्तव्य आहे.

आता निवडीचं. पोर्तुगीज वाचता येत असेल किंवा वर्षभरात शिकायची तयारी असेल, तर निःसंशय फ्रेलिमो घ्यावी. ठराव, पत्रकं, इंग्रजी मुखपत्र आणि लिस्बनच्या तोर्रे दु तोंबू या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या पोर्तुगीज गुप्त पोलिसांच्या फायली, असा लिखित पुरावा तिच्यामागे आहे. गोव्यातल्या विद्यार्थ्याला तर घरचाच धागा सापडतो. एप्रिल १९६१ मध्ये, गोवा अजून पोर्तुगीजांकडे असताना, कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळींचा संयुक्त मंच उभा राहिला. त्यात गोव्याच्या संघटना होत्या, सरचिटणीस दुश सांतुश होते, आणि गोव्यात जन्मलेले आक्विनो द ब्रागांसाही. हेच आक्विनो १९८६ मध्ये माशेल यांच्यासोबत विमान अपघातात गेले.

फक्त इंग्रजी येत असेल तर एसपीएलए सोपी वाटेल, पण तिच्यात सुरुवातीच्या महिन्यांचे कागद थोडे आणि हयात राहिलेल्यांच्या आठवणी जास्त. प्रत्येक घटनेला परस्परविरोधी गटांचे किमान दोन साक्षीदार मिळेपर्यंत ती ‘दावा’ म्हणूनच लिहावी.

कालमर्यादा आधीच आखा. फ्रेलिमो मे १९७० ला थांबवा. एसपीएलए १९८८ ला थांबवा, कारण त्या वर्षी आन्यान्या-२चा मोठा भाग गॉर्डन कोंगच्या मागोमाग एसपीएलएत आला आणि पहिलं भांडण मिटलं. ऑगस्ट १९९१ची रियेक माचार, लाम अकोल आणि त्याच गॉर्डन कोंगची नासिर फूट मोहात पाडेल. पण ती मेंगिस्तूंच्या पाडावानंतरची, म्हणजे तळ आणि आश्रय गेल्यानंतरची आहे. तिला स्वतंत्र प्रबंधच लागतो.