बीड्स: एजंटला वाचता येईल असा इश्यू ट्रॅकर

आमचं काम छोटं. बेळगावात टिळकवाडीत चार खुर्च्यांचं ऑफिस आणि गिऱ्हाईक बहुतेक उद्यमबागेतले फाउंड्रीवाले. त्यांची चलनं, हीट नंबर, रिजेक्शन, जॉबवर्कला बाहेर गेलेला माल, हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. हल्ली बराचसा कोड एआय एजंट (सांगितलेलं काम स्वतःच कमांड चालवून करणारा प्रोग्रॅम) लिहितो आणि आम्ही तपासतो. म्हणून इश्यू ट्रॅकर (कामं आणि तक्रारी नोंदवून ठेवणारं टूल) निवडताना मी एकच गोष्ट बघितली: याचं मॅन्युअल एजंटला कळतं का? बीड्सचं कळतं. पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

बीड्स स्टीव्ह येगी यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. फुकट आहे, वापरायला-बदलायला मोकळीक देणाऱ्या एमआयटी लायसन्सवर आहे, गो भाषेत लिहिलंय आणि कमांड लाइनवर चालतं. कमांडचं नाव बीडी. आमचा टेस्टर निपाणीचा, तंबाखूच्या गावचा. सकाळी आला की विचारतो, "अक्का, बीडी पेटवू काय?" चालायचंच.

आता मुद्द्याचं. नवीन पोरगा कामावर आला आणि त्याला मॅन्युअल कळलं नाही, तर तो शेजारच्या खुर्चीला विचारतो. एजंट विचारत नाही. मॅन्युअलमध्ये जागा रिकामी दिसली की तो ती अंदाजाने भरतो, आणि भरतो तेही छातीठोकपणे. त्यामुळे एजंटसाठी लिहिताना "हे करता येतं" याच्याइतकंच "हे करू नकोस" लिहावं लागतं. आम्ही आधी वापरायचो त्या टूलच्या (नाव नको) मॅन्युअलमध्ये हे कुठेच नव्हतं. इश्यू दुरुस्त करायची कमांड दिली की तिथे टेक्स्ट एडिटर उघडायचा आणि एजंट त्याच्यासमोर गप्प बसून राहायचा. आम्ही समजायचो, काम चाललंय. जेवून परत आलो तरी तसाच.

बीड्समध्येही एडिट कमांड आहे आणि तीही एडिटरच उघडते. पण एजंटसाठीच्या सूचनांमध्ये ठळक लिहिलंय की ही वापरू नका, त्याऐवजी अपडेट कमांडला फ्लॅग (कमांडपुढे लिहायचा पर्याय) देऊन बदल करा. कारणही दिलंय. मला हे कारण देणं फार आवडलं. कारण दिसलं की एजंट तोच नियम दुसऱ्या कमांडलाही लावतो. नुसतं "नको" म्हटलं की तेवढ्यापुरतं ऐकतो.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे प्राइम. ही कमांड चालवली की टूल स्वतःच एजंटला लागणारी कामाची पद्धत छापून देतं, साधारण एक-दोन हजार टोकनांत (एआय मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते). सेशन सुरू होताना आणि लांबलेलं संभाषण सारांश करून आवळलं जाण्याआधी ती आपोआप चालेल अशी सोय करता येते. मजकूर टूलच्या आतूनच येतो, म्हणजे जी आवृत्ती मशीनवर आहे तिचीच माहिती मिळते. शिवाय उत्तर जेसनमध्ये (प्रोग्रॅमला सहज वाचता येणाऱ्या मांडणीत) मागता येतं, त्यामुळे एजंटला तक्ता वाचताना रकाने मोजत बसावं लागत नाही.

रेडी कमांड फक्त तीच कामं दाखवते जी दुसऱ्या कशावर अडलेली नाहीत. प्राधान्य शून्य ते चार, शून्य सगळ्यात तातडीचं. हेही स्पष्ट लिहिलंय आणि लिहायलाच हवं, नाहीतर अर्धं जग चारला मोठं समजतं.

पण माझा जीव बसलाय तो "डिस्कव्हर्ड-फ्रॉम" या नात्यावर. उदाहरण देते. एजंट चलनाच्या प्रिंटचं काम करत होता. तिथे त्याच्या लक्षात आलं की रिपोर्टमध्ये हीट नंबरच्या सुरुवातीची शून्यं गळतायत. पूर्वी असा प्रसंग आला की तो ते जाता जाता दुरुस्त करून टाकायचा आणि आम्हाला दोन दुरुस्त्या एकमेकींत गुंतलेल्या मिळायच्या. सूचनांमध्ये सांगितलंय की काम करताना नवीन काही सापडलं तर वेगळा इश्यू उघडा आणि तो कुठून सापडला त्याला जोडा. त्याने तसंच केलं. फाउंड्रीत हीट नंबर म्हणजे त्या कास्टिंगची जन्मपत्रिका. कुठल्या वितळीतलं लोखंड, हे त्यावरूनच काढतात. ती दुरुस्ती मी स्वतः बसून बघितली.

भाषेचा भाग आम्ही आमच्या एजंट्स फाइलमध्ये (एजंटसाठीच्या सूचनांची फाइल) स्वतः जोडला. आमच्याकडे तक्रारी मराठीत येतात, कन्नडमध्ये येतात आणि बऱ्याचदा एकाच वाक्यात दोन्ही. "मॅडम, चलन प्रिंट होईना बघा" याचा एजंट इंग्रजीत सारांश करतो तेव्हा होईना म्हणजे कधीच होत नाही की आत्ता होत नाही, हे हरवतं. म्हणून नियम केला: शीर्षक इंग्रजीत, गिऱ्हाइकाचं वाक्य वर्णनात जसंच्या तसं, आणि काम झालं हे कशावरून ओळखायचं ते ॲक्सेप्टन्सच्या रकान्यात. हा वेगळा रकाना बीड्समध्ये आधीपासून आहे, त्याचा फार उपयोग होतो.

आता कापलेला तारा. टूल भराभर बदलतं. आधी एसक्यूलाइट डेटाबेस आणि जेसनएल ही मजकूर फाइल होती, नंतर साठवण डोल्ट या वेगळ्या डेटाबेसवर गेली. ऑनलाइन लेख जुन्या पद्धतीचे सापडतात आणि एजंट तेही तितक्याच विश्वासाने वाचतो. रिपॉझिटरीत (कोडच्या फोल्डरमध्ये) पूर्वी तयार करून ठेवलेली सूचनांची फाइलही आपोआप नवी होईल असं धरू नका. आवृत्ती बदलली की ती आम्ही हाताने तपासतो. माहिती बरीच आहे, पण विखुरलेली. पहिल्यांदा वाचणाऱ्या माणसाला कुठून सुरू करावं हे एजंटपेक्षा उशिरा कळतं, हे जरा गमतीशीरच.

गिऱ्हाइकाला दाखवायला रंगीत बोर्ड हवा असेल तर हे घेऊ नका. आमचे फाउंड्रीवाले अजून व्हॉट्सॲपवर फोटो काढूनच तक्रार पाठवतात, आणि त्या बीड्समध्ये घालायचं काम निपाणीकराकडे आहे.