नागपूरच्या इतवारीतला घरगुती मुक्काम: पोळ्याच्या आदल्या दिवसापासून गणपतीपर्यंत

आमच्या चर्चच्या मंडळीत आठवडाभर बायबलच्या वचनाचा अभ्यास घ्यायला दक्षिण कोरियाहून एक मिशनरी पाळक आले होते. वय साठीच्या पुढचं. त्यांच्या राहण्याची सोय माझ्याकडे होती. एका लॉजमध्ये महिनाभर आधी खोली सांगून ठेवली होती, आणि दोन दिवस उरले असताना तिथून फोन आला, "मॅडम, सणावारात परदेशी माणसाच्या फॉर्म सी-चं झंझट नको." परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची नोंद ऑनलाइन करावीच लागते. हे त्यांना महिनाभर आधी माहीत नव्हतं का? मी अगदी रडकुंडीला आले होते. तेव्हा शाळेतल्या मैत्रिणीने नेहरू पुतळ्याजवळच्या गल्लीतलं हे घर सुचवलं.

घरमालकीण काकूंनी नाव-नंबर कुठे लिहू नको म्हणून बजावलंय, म्हणून देत नाही. दोनच खोल्या भाड्याने देतात. रोजचे १४००, त्यात चहा-नाश्ता आणि दोन वेळचं जेवण. काकूंच्या सुनेने पासपोर्ट-व्हिसाचे फोटो घेतले आणि पाहुण्यांचा चहा संपायच्या आत फॉर्म सी भरून टाकला.

आधी उणं ते सांगते. खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, तेवीस पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. न्हाणीघर खोलीला लागून नाही, गॅलरीतून जावं लागतं. नळ सकाळीच येतो, दिवसभर टाकीचं पाणी. मेट्रोने यायचं तर चितारओळी चौक स्थानकावर उतरून ऑटो करा. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे इडा पिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, तेव्हा गल्लीत गाडी शिरत नाही. त्या दिवशी विमान किंवा रेल्वे असेल तर इथे राहू नका.

जेवणाबद्दल एका ओळीत: पाळकांनी ठेचा दुसऱ्यांदा मागून घेतला आणि काकूंनी मग रोज ताजा कुटला.

ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते वेगळंच आहे. पोळ्याच्या दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "तुमचे पाळक नैवेद्याचं खातात का हो? नसतील खात तर मोकळेपणानं सांगा." मी सांगितलं, नाही खात. मूर्तीला दाखवलेलं अन्न आम्ही घेत नाही, हे दुसऱ्याच्या घरी बोलताना माझी जीभ नेहमी अडखळते. काकूंना त्यात काहीच अवघड वाटलं नाही. देवापुढे ठेवलेलं ताट घरच्यांनी वाटून खाल्लं. पाळकांसाठी पुरणपोळी, वडे आणि कढी झाकणाच्या डब्यांतून वर आली. डबा त्यांच्यासमोर उघडून काकू म्हणाल्या, "हे देवाला दाखवलेलं नाही. बिनधास्त खा." सुनेने ते इंग्रजीत सांगितलं. पाळकांनी डोळे मिटून प्रार्थना केली, ती संपेपर्यंत काकू हातात तुपाची वाटी घेऊन उभ्या राहिल्या, आणि मग पोळीवर तूप सोडलं.

मी बावन्न वर्षांची आहे, जन्म नागपुरातला, आणि मारबत पहिल्यांदा पाहिली ती या घराच्या गॅलरीतून. लहानपणी आई त्या दिवशी सकाळपासून खिडक्या लावून घ्यायची आणि आम्हाला स्तोत्रं पाठ करायला बसवायची. बाहेरून डफ-ताशे आणि "घेऊन जा गे मारबत" तेवढं ऐकू यायचं.

गर्दी सकाळपासूनच जमायला लागली. काका पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, पिवळी तऱ्हाणे तेली समाजाची. काळीचा संबंध इंग्रजांना सामील झालेल्या, नागपूरच्या राजघराण्यातल्या बाकाबाई भोसलेंशी लावतात, हे सगळं त्यांनी न थांबता सांगितलं. काका हिस्लॉप कॉलेजचे जुने विद्यार्थी. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून इथे मिशनरी म्हणून आले आणि १८६३ मध्ये टाकळघाटाहून परतताना बुडून गेले, हेही त्यांनीच पाळकांना ऐकवलं. आमच्या माणसाची गोष्ट आम्ही सांगायच्या आधी त्यांच्या तोंडून आली, याचं मला फार बरं वाटलं.

मग बडगे, म्हणजे चालू विषयांवरचे पुतळे आले, महागाईवरचे, भ्रष्टाचारावरचे, गळ्यात पाट्या अडकवलेले. आणि नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी समोरासमोर आल्या तेव्हा असा काही ओरडा उठला की गॅलरीचा कठडा हाताखाली थरथरला. इडा पिडा, रोगराई, खोकला, सगळं घेऊन जा गे मारबत.

पाळकांनी वही काढली. मला वाटलं काही टिपून घेत असतील. त्यांनी गवताची एक बाहुली काढली, बोटभर, आणि तिच्या पोटात एक गोल. म्हणाले, हिला आमच्याकडे जेउंग म्हणतात. चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेच्या आदल्या रात्री माझी आजी गवताची अशी बाहुली करायची, पोटात नाणी ठेवायची आणि वाटेवर टाकून द्यायची. घरावरचं अरिष्ट तिच्याबरोबर जावं म्हणून. नाण्यांसाठी पोरं ती बाहुली फाडायची. पुढे आई ख्रिस्ती झाली आणि ते बंद झालं.

सुनेने मराठीत सांगितलं तशा काकू म्हणाल्या, "मंग ती मारबतच होय ना बाप्पा!"

पाळक हसले नाहीत. बराच वेळ खाली पाहत राहिले. मिरवणूक पुढे सरकली, पिवळी दहनासाठी नाईक तलावाकडे गेली, तरी ते तिथेच बसून होते. एवढंच म्हणाले की आजीचा चेहरा आज किती वर्षांनी आठवला.

संध्याकाळी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी नंदी ओढत दारात आली. काकूंनी दहा-दहाच्या नाण्यांची वाटी पाळकांपुढे ठेवली: "नंदीला कुंकू मी लावते. तुम्ही बोजारा द्या." बोजारा म्हणजे पोरांच्या हातावर ठेवायचे पैसे. एक पाचेक वर्षांची मुलगी नंदीची चाकं निघाली म्हणून त्याला कडेवर घेऊन आली होती. पाळक पायरीवर बसले, चाक कण्यात बसवून दिलं, मग तिच्या तळहातावर नाणं ठेवलं.

माझं म्हणणं एवढंच, की परदेशी पाहुण्याला सण "दाखवणारे" खूप आहेत. त्याला आधी विचारणारे थोडे. या घरात प्रत्येक वेळी विचारलं गेलं. रविवारी उपासनेला जायचं म्हणून काकूंनी पहाटे पाणी तापवून दिलं, आणि चतुर्थीला गणपती घरात येत असताना पाळकांचा निरोपाचा डबा आधी भरला.

पुढच्या पोळ्याची गॅलरीची खोली मी आताच सांगून आले. दोन नावं दिली आहेत, माझं आणि आईचं. आई अजून हो म्हणालेली नाही. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवता येईल का, एवढं काकांना विचारलंय. दिवाळीनंतर सुतार येणार आहे.