एसीत गॅस: नुसता टॉप-अप मारायचा की व्हॅक्यूम करून वजनावर भरायचा?

एसी थंड करेनासा झाला, मेकॅनिक आला, गेज (गॅसचा दाब मोजायचं मीटर) लावला आणि म्हणाला "काका गॅस कमी झालाय, टॉप-अप मारून देतो, अर्ध्या तासात होईल". मार्च ते मे ह्या दिवसांत हे वाक्य पुण्यापासून नागपूरपर्यंत सेम टू सेम ऐकायला मिळतं. दुसरा एखादा येतो तो म्हणतो आधी लीक शोधू, नायट्रोजनने टेस्ट करू, व्हॅक्यूम मारू म्हणजे पंपाने पाइपांतली हवा ओढून काढू आणि मग वजनावर पूर्ण गॅस भरू, अर्धा दिवस धरून चाला आणि पैसेही जास्त लागतील. घरातले सगळे घामाघूम झालेले असतात त्यामुळे साहजिकच पहिल्याचं म्हणणं गोड वाटतं. माझं मत आधीच सांगून टाकतो, बहुतेक वेळा दुसऱ्याचं ऐकावं, पण पहिल्याचं ऐकण्यासारखे प्रसंगही असतात, तेही लिहितो.

मुळात एसीतला गॅस वापरून संपत नाही, तो बंद पाइपांतून नुसता फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळला. त्यामुळे "दर दोन वर्षांनी गॅस भरावाच लागतो" असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

आधी गॅस खरंच कमी आहे का ते बघा

जाळी धुतली नसेल, इनडोअरची कॉईल धुळीने भरली असेल, आउटडोअरच्या पंख्याचा कपॅसिटर ढिला पडला असेल, आउटडोअर बाल्कनीत ग्रिल लावून कपाटासारखा कोंडून टाकला असेल, तरीही एसी थंड करत नाही आणि ह्यातल्या एकावरही गॅस हा उपाय नाही. एक खूण घरबसल्या बघता येते. एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या आणि आउटडोअरला जिथे दोन तांब्याचे पाइप जोडलेत तिथे बघा, बारीक पाइपाच्या पितळी नटावर पांढरा बर्फ धरलाय आणि जाड पाइप मात्र कोरडा, कोमट आहे, तर गॅस कमी असण्याची शक्यता भरपूर. दोन्ही पाइपांना घाम आलाय तर ते नॉर्मल. आणि बर्फ जाड पाइपावर आणि आतल्या अख्ख्या कॉईलवर असेल तर आधी जाळी काढून धुवा, हवाच फिरत नाहीये. आणखी एक, गेज लावताना-काढताना दर वेळी थोडा गॅस जातोच, म्हणून उगीच "चेक करून बघा" म्हणून गेज लावायला सांगू नका.

गळती शोधायला पण डोळे पुरतात बऱ्याचदा. गॅससोबत कॉम्प्रेसरचं ऑइलही थोडं बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते, म्हणजे फ्लेअर नटाभोवती (पाइप जोडणारा पितळी नट) काळपट तेलकट डाग दिसला की चोर तिथेच आहे, साबणाचा फेस लावा, बुडबुडे येतील.

टॉप-अप: कधी चालतो, कधी नाही

फायदे सरळ आहेत. वेळ कमी लागतो, पैसे कमी, आणि ऐन मे महिन्यात मेकॅनिक दोन कामांच्या मध्ये येऊन करून जाऊ शकतो. तोटाही तितकाच सरळ आहे, आत आधी किती गॅस शिल्लक आहे हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे वरून किती घालायचा हा अंदाज. मेकॅनिक हा अंदाज बॅक प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब), अँपिअर (एसी किती करंट ओढतोय) आणि पाइपावरचा घाम बघून करतो आणि जुन्या साध्या एसीत, म्हणजे कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालू नाहीतर बंद असा, त्यात चांगल्या हाताचा माणूस बऱ्यापैकी बरोबर पोचतो. इन्व्हर्टर एसीमध्ये मात्र गोची आहे, कॉम्प्रेसरचा स्पीड सतत बदलतो आणि स्पीड बदलला की बॅक प्रेशर बदलतं. रूम थंड होत आली, कॉम्प्रेसर हळू झाला, गेजचा काटा वर सरकला, म्हणजे "भरला" असं समजून थांबलात तर गॅस कमी राहणार, उलटं झालं तर जास्त जाणार. टेस्ट मोडमध्ये फुल स्पीडला चालवून बघता येतं पण किती जण ते करतात.

जास्त गॅस गेला तर काय, असं विचारतात लोक, गॅसच तर आहे, जास्त थंड होईल. होत नाही. आउटडोअरचं प्रेशर वाढतं, अँपिअर वाढतात, बिल वाढतं आणि सगळ्यात वाईट म्हणजे कॉम्प्रेसरकडे पातळ म्हणजे द्रवरूप गॅस परत जायला लागतो, त्याने कॉम्प्रेसर मरतो.

तर टॉप-अप कधी घ्यावा: गळती सापडली आहे, ती नट किंवा पिन व्हॉल्व्हची (गॅस भरायच्या तोंडातली पिन) आहे, घट्ट करून किंवा पिन बदलून बंद झाली आहे, आणि आत अजून चांगलं प्रेशर आहे म्हणजे बाहेरची हवा आत शिरलेली नाही. आणि गॅस आर-३२ किंवा आर-२२ (ही एसीतल्या गॅसांची नावं) असेल तर, कारण हे दोन्ही एकाच पदार्थाचे गॅस आहेत, गळून उरलेला आणि नवीन घातलेला ह्यात फरक पडत नाही. आर-४१०ए हे आर-३२ आणि आर-१२५ चं वजनाने निम्मं-निम्मं मिश्रण. ते गळताना जवळजवळ एकसारखंच गळतं त्यामुळे थोड्याशा टॉप-अपने आभाळ कोसळत नाही, पण बरंच गळलं असेल तर काढून नवीन भरणं हेच शहाणपणाचं, आणि तो सिलिंडर उलटा धरून पातळच भरायचा असतो.

गळती सापडलेली नाही आणि "मारून देतो, बघू किती दिवस टिकतं" असं चाललंय, तर तो टॉप-अप म्हणजे फुटक्या टाकीत टँकर रिकामा करणं.

पूर्ण चार्जिंग म्हणजे नेमकं काय होतं

राहिलेला गॅस काढतात, गळतीची जागा दुरुस्त करतात, मग कोरडा नायट्रोजन भरतात, आर-३२ च्या एसीला साधारण ४०० पीएसआय (दाबाचं माप) च्या आसपास, आणि काटा हलतोय का ते बघतात. गळती अजून असेल तर ती इथेच कळते, गॅस वाया न घालवता. नायट्रोजनच, ऑक्सिजन नाही, ऑइल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो आणि वेल्डिंगवाल्याचा सिलिंडर हाताशी आहे म्हणून तोच लावणारे महाभाग आहेत.

त्यानंतर व्हॅक्यूम पंप. हा भाग लोकांना वेळकाढूपणा वाटतो पण खरा फरक इथेच आहे. पाइपात राहिलेली हवा कंडेन्सरमध्ये (आउटडोअरच्या कॉईलमध्ये) कधीच पातळ होत नाही, जागा अडवून बसते आणि प्रेशर वाढवते. त्याहून वाईट ओलावा, आर-३२ आणि ४१०ए च्या कॉम्प्रेसरमधली ऑइलं पाणी पटकन शोषतात आणि पुढे काही ऑइलांत त्यातून ॲसिड तयार होतं, मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत पाइप तासभर उघडा राहिला तरी ओलावा आत जातो. व्हॅक्यूममध्ये हे पाणी उकळून वाफ होऊन बाहेर ओढलं जातं. ३० अंशाला पाणी उकळायला प्रेशर साधारण ३२,००० मायक्रॉनच्या खाली जावं लागतं आणि चांगलं काम ५०० मायक्रॉनपर्यंत नेतात (मायक्रॉन हे व्हॅक्यूम मोजायचं माप, आकडा कमी तितका व्हॅक्यूम चांगला). आता गंमत बघा, मेकॅनिकच्या नेहमीच्या निळ्या गेजवर ५,००० मायक्रॉन आणि ५०० मायक्रॉन दोन्हीला काटा एकाच जागी टेकलेला दिसतो. म्हणजे "बघा काटा खाली गेला, झालं व्हॅक्यूम" ह्याला अर्थ नाही. मायक्रॉन गेज असेल तर उत्तम, नसेल तर निदान अर्धा तास पंप चालू द्या, मग बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि काटा वर येत नाही ना बघा. काही जण पंपाऐवजी एसीचाच कॉम्प्रेसर चालवून व्हॅक्यूम काढतात, त्यांना सरळ थांबवा.

शेवटी वजनकाटा. आउटडोअरच्या बाजूला स्टिकर असतं, त्यावर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं, दीड टनाच्या आर-३२ एसीला साधारण अर्धा किलो ते किलोभर. सिलिंडर काट्यावर ठेवायचा, काटा शून्य करायचा, व्हॉल्व्ह उघडायचा आणि उणे ७०० म्हणजे ७०० ग्रॅम आत गेला. प्रेशर, अँपिअर, घाम हे सगळं नंतर खात्री करायला.

खर्चाचं म्हणाल तर शहरांत गॅस चार्जिंगचा साधारण २,५०० ते ३,५०० असा भाव सांगतात आणि गंमत म्हणजे टॉप-अपवालाही बऱ्याचदा "गॅस चार्जिंग" म्हणून तोच भाव लावतो. म्हणून बोली करताना विचारा की ह्यात नायट्रोजन, व्हॅक्यूम आणि लीक दुरुस्ती आहे का आणि बिलावर किती ग्रॅम भरला ते लिहून द्याल का. ह्या दोन प्रश्नांनंतर काही जणांना अचानक दुसरा कॉल आठवतो.

नवीन एसी बसवताना हाच प्रश्न

नवीन स्प्लिटच्या आउटडोअरमध्ये गॅस भरूनच येतो, ठरावीक मीटर पाइपाच्या हिशोबाने, किती ते मॅन्युअलमध्ये असतं. सोबत पाइप बहुतेक वेळा ३ मीटर मिळतो. तुमचा आउटडोअर गच्चीवर जाणार असेल आणि पाइप हिशोबापेक्षा लांब असेल तर दर जादा मीटरला थोडा गॅस घालावा लागतो, आर-३२ ला साधारण १५ ते २० ग्रॅम, आणि इथेही काटा लागतो. बसवणारे सर्रास करतात ते असं की व्हॅक्यूम न मारता आउटडोअरचा व्हॉल्व्ह किंचित उघडायचा, जाड पाइपाचा नट ढिला ठेवायचा, फुस्स करून हवा बाहेर गेली की आवळायचा. आर-२२ च्या जमान्यात हे चालून जायचं. आता ह्यात मोजून भरलेल्यातला गॅस जातो, ओलावा आत राहतो, आणि आर-३२ पेटूही शकतो, मंदपणे का होईना. शिवाय त्याचा एक किलो हवेत सोडणं म्हणजे शंभर वर्षांच्या हिशोबाने ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्याएवढं. बसवताना व्हॅक्यूम घ्याच, जास्तीचे पैसे मागितले तरी द्या, पुढच्या सगळ्या गॅस कमी-जास्तच्या भानगडींपैकी बऱ्याच इथेच मिटतात. आणि फ्लेअर, म्हणजे नटात बसायला पाइपाचं तोंड पसरवणं, कशी करतोय ते बघा, पाइप कटरने कापून आतली कड साफ केली पाहिजे, हॅक्सॉने कापला की तांब्याचा भुसा आत जातो आणि फ्लेअर वाकडी होते, वर्षभरात तोच नट गळतो.

कंपनीचा माणूस की ओळखीचा मेकॅनिक

वॉरंटीत असेल तर कंपनीचाच, ह्यावर वाद नको, पण कार्ड नीट वाचा, कॉम्प्रेसरला दहा वर्षं असं मोठ्या अक्षरात असतं, कॉईल आणि गॅसचं वेगळंच असू शकतं. वॉरंटी संपली की शर्टावरचा लोगो सोडा आणि बॅग बघा. पंप, काटा आणि नायट्रोजन असलेला गल्लीतला माणूस हा नुसता गेज आणि छोटा सिलिंडर घेऊन आलेल्या लोगोवाल्यापेक्षा केव्हाही बरा. अपवाद आर-२९० चा, म्हणजे प्रोपेन, आपल्याकडे गोदरेजने २०१२ मध्ये असे एसी आणले. तो स्वयंपाकाच्या गॅसइतकाच सहज पेटतो, तिथे फक्त त्याचं ट्रेनिंग घेतलेला माणूस, कितीही घाई असली तरी. आणि आर-२२ किंवा आर-३२ च्या एसीत "हा स्वस्त आहे, भरून बघू" म्हणत प्रोपेन भरणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

जुना आर-२२ वाला असेल तर

इथे हिशोब बदलतो. आर-२२ ओझोनला मारक म्हणून आपल्याकडे त्याचे नवीन एसी बनवणं २०२४ अखेर बंद झालं आणि गॅस पुढे महागच होणार. नट गळत असेल तर आवळा, टॉप-अप मारा, अजून दोन-तीन उन्हाळे काढा, पूर्ण चार्जिंगचा हट्ट इथे मी धरणार नाही. पण इनडोअरची कॉईलच गळत असेल, आणि खाडीकाठच्या किंवा उघड्या नाल्याजवळच्या घरांत ती गळतेच कारण नाल्याच्या वायूने तांबं खाल्लं जातं, तर जुन्या मशिनला नवीन कॉईल आणि वर महागडा गॅस असे पैसे घालू नका. तेवढे पैसे नवीन आर-३२ च्या डाउन पेमेंटला लावा, आणि घेताना कॉईलला कोटिंग असलेलं मॉडेल बघा. जुना एसी मेकॅनिकला विकताना आतला गॅस हवेत सोडू नका म्हणावं, पंप डाउन करून (कॉम्प्रेसर चालवून गॅस ओढून घेऊन) आउटडोअरमध्ये बंद करून ने, त्यालाही तो गॅस दुसरीकडे उपयोगी पडतो.