वेट फेल्टिंग वर्कशॉप, कोथरूड : ४ स्टार, एक स्टार कापला तो वेळेच्या गोंधळासाठी
मुलीने वाढदिवसाला बुकिंग करून दिलं म्हणून गेले, नाहीतर साबणाच्या पाण्यात लोकर चोळायला १८०० रुपये मी तरी दिले नसते. मागे एकदा ह्यांचा लोकरीचा स्वेटर मशीनला गरम पाण्यात लावला आणि तो नातवाच्या मापाचा होऊन बाहेर आला, तेच इथे मुद्दाम करतात! लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाणी नि साबण लागला की ते फुलतात आणि चोळल्यावर एकमेकांत असे अडकतात की परत सुटत नाहीत. सुई नको, माग नको, लोकरीचं थेट कापड तयार, हेच वेट फेल्टिंग. काश्मीरचा नमदा, म्हणजे लोकरीचा गालिचा, असाच बनतो म्हणे, आपली घोंगडी मात्र मागावरची.

शिकवणाऱ्या ताई एकदम भारी. मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीच्या पेळूला, म्हणजे पिंजलेल्या लोकरीच्या लांब वळीला, कात्री लावायची नाही, टोक धरून अलगद ओढायचं, हाताला येणारे झिरझिरीत पुंजके कौलांसारखे एकावर एक चढवत मांडायचे, एक थर आडवा, त्यावर उभा, परत आडवा. "काकू, तळहाताने दाबून बघा, जिथे खड्डा लागेल तिथे भोक पडणार." मी म्हटलं चालतंय. पडलंच.

मग वर जाळी, कोमट साबणपाणी, आधी अगदी हलका हात कारण जोर लावला की डिझाइन सरकतं, आणि नंतर बबल रॅपमध्ये गुंडाळून लाटत राहायचं, दर थोड्या वेळाने दिशा बदलून, कारण ज्या दिशेने लाटाल त्या दिशेने ते जास्त आटतं. पोळ्यांची सवय असून दंड भरून आले. माझा ४५ सेंटिमीटरचा चौकोन ३२ वर आला.

तक्रार एकच. तीन तासांतला पाऊण तास ओळखपरेड आणि रील्समध्ये गेला, त्यामुळे शेवटचं धोब्यासारखं आपटणं, ज्याने कापड खरं घट्ट होतं, ते दहा मिनिटांत उरकलं. चिमटीत धरलं तर वरचे तंतू सुटे येत होते, शेवटी घरी बाथरूममध्ये गरम पाणी घेऊन अर्धा तास आपटलं तेव्हा कुठे जमलं.

दख्खनी मेंढीची लोकर का नाही वापरत विचारलं तर कपाटातून एक नमुना काढून दिला, राठ, टोचरा, पण काळा-करडा रंग काय सुंदर! त्याचं वेगळं वर्कशॉप ठेवलं तर माझं नाव आत्ताच लिहून घ्या.

किट तिथे घेऊ नका, बबल रॅप बोहरी आळीत स्वस्त मिळतो. आणि पावसाळ्यात तर जाऊच नका, माझा तुकडा चार दिवस वाळत होता आणि घरभर ओल्या मेंढीचा वास.