हजार लिटरचा सोलर, मुळशीचा पाऊस: आठ महिन्यांनंतर

सहा कॉटेज, २५ माणसांची सोय. ऑगस्टचं बिल हातात पडलं तेव्हा पाणी तापवणारा सोलर फसला असंच वाटलं होतं. ते मत मागे घेतोय. सोलर ठीक आहे. पैसे खातोय तो रिटर्न लाइनवरचा, म्हणजे न वापरलेलं गरम पाणी टाकीत परत आणणाऱ्या पाइपवरचा, ९० वॅटचा पंप.

शेवटच्या कॉटेजला नळ सोडताच गरम पाणी मिळावं म्हणून लूप, म्हणजे टाकी ते कॉटेज आणि परत असा पाण्याचा फेरा, फिरता ठेवतात. हेतू चांगलाच आहे. एक इंची सीपीव्हीसीच्या (गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक) ६० मीटर पाइपात पंचवीसेक लिटर गार पाणी उभं असतं, लूप नसेल तर ते दर वेळी मोरीत जातं. पण इथे जाऊन-येऊन १२० मीटर पाइप उघडा, वर इन्सुलेशन नाही, आणि पंप चोवीस तास चालू. उघडा गरम पाइप मीटरमागे २० वॅटच्या आसपास उष्णता सोडतो, म्हणजे दिवसाला ५७-५८ युनिट. हजार लिटर पाणी २२ वरून ५५ अंशांवर न्यायला ३८ युनिट पुरतात! आंघोळीपेक्षा पाइप महाग.

तपासणं सोपं आहे. पाहुणे नसलेल्या रात्री बाकीचे एमसीबी (बोर्डावरचे सर्किटचे स्विच) पाडा, फक्त हीटर आणि पंप ठेवा, १० आणि ६ वाजता मीटर वाचा. इथे २० युनिट पडले, रिकाम्या जागेत.

दुसरी चूक हीटरची. सोलरच्या टाकीतली ६ किलोवॅटची विजेची कॉइल थर्मोस्टॅटवर कायम चालू होती. सकाळच्या आंघोळी उरकल्या की टाकीत गार पाणी भरतं, कॉइल लगेच ते तापवते, आणि ऊन येईपर्यंत उन्हाला कामच उरत नाही. कॉइल पहाटे ३ ते ७ एवढीच हवी, बुकिंग नसेल तेव्हा बंद. पंप सकाळी साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी ६ ते ८.

टायमर बॅटरी बॅकअपवालाच घ्या. पिनांची चकती असलेला स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो. पावसाळ्यात दोन दिवसांत त्याचं घड्याळ पाच तास मागे पडलं, पंप साडेदहाला सुरू, पाहुणे गार पाण्याखाली. पंपापुढे नॉन रिटर्न व्हॉल्व्हही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच. तो नसेल तर पंप बंद असताना टाकीच्या तळाचं गार पाणी रिटर्नमधून उलटं नळाला येतं.

गवत, वाळवी, जनरेटरचं डिझेल हे खर्च डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यावर लक्ष राहतं. हा दिसत नाही, आणि कोटेशनमध्ये इन्सुलेशनची ओळच नव्हती याचा राग अजून जात नाही.

आता पाइपांवर १३ मिलिमीटर नायट्राइल (रबरी फोमचं इन्सुलेशन) चढवलंय, उष्णतेची गळती निम्म्याहून खाली. गच्चीवरच्या भागाला मात्र वरून अॅल्युमिनियमचा पत्रा लागतो, नाहीतर उन्हाने नायट्राइलला भेगा पडतात आणि जूनमध्ये तेच पाणी धरून बसतं. कोपऱ्यांवरचे सांधे टेपने नाही, त्याच्याच डिंकाने चिकटवून घ्या.