१२,३०० रुपये उकळले, संपला होता फक्त सेल

जुना कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणून सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या नंबरला फोन लावणार असाल, तर आधी हे वाचा. तो नंबर कंपनीचा असेलच असं नाही, जाहिरातीचे पैसे भरून कोणीही वर येतो.

माझं घर मध्य रेल्वेवर. घरूनच छोट्या दुकानदारांची खाती आणि जीएसटीची कामं करते. मशीन २०१३ चं, एच६१ मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात ते मुख्य बोर्ड), तिसऱ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, चार-चार जीबीच्या दोन रॅम, नंतर टाकून घेतलेली २४० जीबीची एसएसडी, म्हणजे डेटा ठेवायची वेगवान डिस्क. एके सकाळी काळ्या स्क्रीनवर ‘सीएमओएस चेकसम एरर’ आला. एफ१ दाबलं की निळी स्क्रीन, मग आपोआप रीस्टार्ट, पुन्हा तेच. त्या दिवशी १९ तारीख होती. २० ला थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं. चुकलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी, वर १८ टक्के व्याज, आणि क्लायंटची बोलणी वेगळीच. त्यामुळे ‘आधी दोन ठिकाणी विचारायचं ना’ हे मला कोणी ऐकवू नये. विचारायला वेळच नव्हता.

तासाभरात माणूस आला. गळ्यात कंपनीचं नाव छापलेलं कार्ड, बोलणं अगदी घरच्यासारखं, ताई-ताई. मी त्याला एकूण एक लक्षणं सांगितली. महिनाभर रोज सकाळी घड्याळ मागे जायचं, तारीख थेट २००९ ची यायची, ती दुरुस्त केल्याशिवाय बँकेची साईटसुद्धा उघडायची नाही. हे ऐकून तो थांबला. हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “ताई, हे अजून कोणाला दाखवलंय का?” मी नाही म्हटलं. लगेच उत्तर, “मग बोर्डच गेलं. हार्ड डिस्कलाही झटका बसलाय.”

तो प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तारीख मागे जाते म्हणजे बोर्डावरचा सीआर२०३२ नावाचा बटणाएवढा सेल संपला, हे या धंद्यातल्या कालच्या पोरालाही कळतं. त्याला पहिल्या वाक्यातच कळलं होतं. त्याला फक्त बघायचं होतं की मला कळलंय का. पण मी हिशोब लिहिणारी बाई, बोर्डावर सेल असतो हे मला का माहीत असावं? डॉक्टरकडे जाताना आपण रोग शिकून जात नाही.

कॅबिनेट तो ‘वर्कशॉप’ला घेऊन गेला आणि रात्री परत आणून दिलं. व्हिजिट ३५०, नवीन बोर्ड ५,२००, नवीन हार्ड डिस्क २,४००, डेटा रिकव्हरी ३,५००, सर्व्हिस ८५०. एकूण १२,३००. जुनं बोर्ड मागितलं तर म्हणे, एक्स्चेंजमध्ये कंपनीला द्यावं लागतं. डेटा सगळा दिसत होता, रिटर्न भरायचं होतं, मी यूपीआय केलं. पैसे गेले भलत्याच नावावर. बिलावरचा जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. ०७ म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा २७. दिवसभर दुसऱ्यांचे नंबर तपासते मी, पण रात्री अकरा वाजता, रिटर्न डोक्यावर असताना ते बिल कोण वाचणार होतं?

मशीन रडतखडत चालायला लागलं तेव्हा लगेजच्या डब्यातून दादर, तिथून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात नेलं. दुकानदाराने माझ्यासमोर उघडलं. बोर्डावरचा सिरियल नंबर माझ्या २०१३ च्या बिलावरचाच. रॅमची एक पट्टी गायब. एसएसडी गायब, जागी कोणाची तरी वापरलेली डिस्क. तिचे चालू तास बघितले तर ३१,००० च्या वर, म्हणजे साडेतीन वर्षं अखंड फिरलेली. अख्ख्या कॅबिनेटमध्ये नवीन एकच वस्तू होती, तो सेल. दुकानात ४० रुपयांना मिळतो. सेल संपला की बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामचं, सेटिंग मूळपदावर जातं. माझ्या मशीनमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर गेला होता, म्हणून ती निळी स्क्रीन. सेल बदलून मोड परत लावायचा, दहा मिनिटांचं काम. डेटा कुठे गेलेलाच नव्हता, तर रिकव्हरी कसली केली?

आणि माझी एसएसडी त्याच्याकडे आहे. त्यावर क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट, पासवर्डची फाइल. पैशांपेक्षा याची जास्त धास्ती आहे. सगळ्यांचे पासवर्ड बदलले, एकेकाला फोन करून सांगावं लागलं. मशीन देण्याआधी डिस्क काढून घरी ठेवा. काढता येत नसेल तर दुरुस्ती डोळ्यांसमोर करून घ्या.

पोलीस ठाण्यात ऐकायला मिळालं, “मॅडम, हा दिवाणी मामला आहे.” कसला दिवाणी? खोटं सांगून पैसे काढणं म्हणजे पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. माझी वस्तू परस्पर ठेवून घेतली तो वेगळा गुन्हा. त्यावर उत्तर, पत्ता आणा. बिलावरच्या पत्त्यावर तसं दुकानच नाही, मी जाऊन बघून आले. पत्ता शोधायचं काम माझं की त्यांचं? सायबर हेल्पलाइनवर त्यांनी विचारलं, ओटीपी दिला होता का? नाही म्हटलं तर, मग हे आमच्यात बसत नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, पण तिथेही समोरच्याचा पत्ता लागतो. म्हणजे ज्याने खोटा पत्ता छापला तो सुटला आणि खरं सांगणारी मी खेटे घालतेय!

कॅबिनेट हातातून सोडण्याआधी बोर्ड, रॅम, डिस्क यांच्या स्टिकरचे फोटो काढा. तारीख मागे जात असेल तर सगळ्यात आधी सेल बदला. मशीन बीप देत असेल तर रॅम काढून तिची सोनेरी कडा खोडरबरने पुसून बघा. जुना पार्ट हातात आल्याशिवाय नव्याचे पैसे देऊ नका.

परवा भाच्याने त्याच्या फोनवरून त्याच नंबरला फोन केला. “पीसी चालू होत नाही” एवढंच म्हणाला. मॉडेल नाही, लक्षणं नाहीत. पलीकडून आवाज तोच: “बोर्ड गेलं असेल, व्हिजिट ३५०.” हे रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घालून पोलीस ठाण्यात द्यायच्या लेखी अर्जाला जोडलं. अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक पडल्याशिवाय तिथून हलू नका. मी हलले नाही, तेव्हा कुठे शिक्का मिळाला.